मिचमिच्या

११ सप्टेंबर १९९४, रविवार

बहिऱ्यांपुढे तासभर भाषण! तेही माईक लावून!

उल्हासनगर कॅम्प एकच्या हॉलमध्ये आज आम्ही खुर्च्या भरून बसलो होतो. सगळे माझ्यासारखे, ठार बहिरे. स्टेजवर सफारीतले एक साहेब घाम पुसत बोलतायत. ओठ वाचावेत तर तोंडापुढे माईक. थोडा वेळ आम्ही सभ्यपणे बघितलं. मग मागच्या रांगेत हातांच्या गप्पा सुरू झाल्या, त्या पुढच्या रांगेपर्यंत आल्या. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाच्या सासूचं बिनसलं, सगळी खबर कळली. इतके हात हलताना बघून साहेबांना वाटलं दाद मिळतेय. आणखी चढले!

शेवटी एकदाचं वाटप झालं. यंत्र म्हणजे एक पांढरी गोल डबी, तिला जोडलेला दिवा, आणि एका वायरीच्या टोकाला पेढ्याएवढी तबकडी. घरात धूर झाला की दिवा मिचमिच करतो आणि उशीखाली ठेवलेली तबकडी थरथरते. झोपलेला बहिरा उठतो. किमतीतला मोठा वाटा साहेबांच्या क्लबने भरला, उरलेला आपण. फुकट नाही दिलं हे बरं केलं. फुकटची वस्तू लोक ट्रंकेत घालून ठेवतात.

गंमत बघा — उभा जन्म मी काडेपेटीच्या कंपनीत पेट्या भरल्या. कुठल्या कुठल्या घरांत आग पाठवली! आता ती माझ्याच घरी आली तर कळावं म्हणून हे यंत्र.

सुदामदादा बरोबर आला होता. हे गेले तेव्हापासून माझ्या या भावाचं एकच पालुपद: ‘शाले, एकटी बहिरी बाई तू, आग लागली तर कळायचं कसं? खोली वीक आणि बदलापूरला चल आमच्याकडे.’ आज यंत्र त्याच्या नाकापुढे नाचवलं. म्हटलं, आता बोल! तो म्हणाला, ‘दिवाळीपर्यंत बघू. यानं काम केलं तर राहा. नाहीतर सामान बांधायचं.’

म्हटलं, ठरलं.

अंबरनाथची ही खोली माझी आहे. माझ्या नावावर, माझ्या घामाची. खुंटीवर ह्यांची टोपी अजून तशीच आहे. हे पण बहिरे. आम्ही दोघं इथे हातांनी इतकं बोललो, इतकं भांडलो, की भिंतींना पाठ असेल. मी कुठे जात नाही!

१३ सप्टेंबर, मंगळवार

क्लबचा मेकॅनिक चंदू आला. पन्नाशीचा गडी, चष्म्याला दोरा, तोंडात पान. त्या पानामुळे ओठ वाचणं म्हणजे परीक्षाच.

‘टेन्शन नको घेऊ मावशी, एकदम फॉरेन माल है!’

‘कुठलं फॉरेन?’

‘अपना कॅम्प एक!’

शिडीवर चढला, चुलीच्या ओट्यावरच डबी ठोकली. म्हणाला धूर इथेच होणार ना. मग कानांत कापूस घातला आणि डबीखाली अगरबत्ती धरली. बिचाऱ्याला सर्दी असेल. मला पलंगावर झोपायला सांगितलं होतं. दिवा असा लखलखायला लागला की मिटलेल्या डोळ्यांतही घुसला. आणि तबकडी! डोक्याखाली भूकंप!

एकदम दादा आठवला. लहानपणी शाळेच्या वेळेला हाका मारून उपयोग नसायचा, म्हणून उशी धरून गदागदा हलवायचा. स्वप्नं खाली सांडायची.

यंत्राचं नाव ठेवलं — मिचमिच्या.

१४ सप्टेंबर, बुधवार

आमटीला फोडणी दिली आणि मिचमिच्या पेटला. हुशार आहे! लसूण नुसता लाल झाला की याला कळतं. धूर जायला दार उघडलं तर शेजारची अंजनी उभी, डोळे हे एवढे. ‘मावशी, बऱ्या हाव ना?’ म्हटलं, बरी. आमटी घेशील? वाटीभर घेऊन गेली. गोड पोर आहे.

१७ सप्टेंबर, शनिवार

सुकट भाजली. मिचमिच्याने तर आज दिवाळीच केली.

आणि दारात ही गर्दी! अंजनी, समोरची, कोपऱ्यावरची, वरच्या मजल्यावरचे दोघं. अंजनीचा नवरा भगवान कधी फिरकत नाही, रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो. तो पण लुंगीवर, केस उभे, डोळे लाल. सुकटीच्या वासाला आला! सगळ्यांना थोडी थोडी वाढली. भगवानने घेतली, पण तोंड वाकडं. मीठ जास्त पडलं असेल.

दोन वर्षं कुणी डोकावत नव्हतं. आता रोज येतात. यंत्राचा पायगुण म्हणायचा.

१८ सप्टेंबर, रविवार

अरे देवा. म्हणजे देव आम्ही मानत नाही, पण आज दुसरा शब्द सुचत नाही.

दादा आणि द्रौपदीवहिनी जेवायला आले होते. दोघांना चहा दिला आणि मी भाजीच्या फोडणीला लागले. मोहरी टाकली, मिरच्या टाकल्या, मिचमिच्या पेटला. अभिमानाने मागे वळले, म्हटलं बघा! बघते तर वहिनीने दोन्ही कान हातांनी गच्च दाबलेले. तोंड रडवेलं. तेवढ्यात दार ढकलून अंजनी आत आली, तिचेही कानांवर हात. मागे भगवान, डोक्यावरून उशी घेऊन!

मी एकेकाकडे बघितलं. चंदूच्या कानातला कापूस आठवला.

‘ही डबी... आवाज करते?’

अंजनी समोर येऊन सावकाश, मोठं तोंड करून म्हणाली, ‘आवाज? ओ मावशी, बोंबलते ती! पार मेन रोडपर्यंत जातंय!’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊक हाय!’

‘मला कसं ठाऊक असणार? बहिरी ना मी!’

आधी भाजी उतरवली. मग अंजनीला हसू फुटलं, मग मला, मग सगळ्यांना. म्हणजे इतके दिवस ही माणसं आमटीला नव्हती येत. मी जळतेय का ते बघायला धावत येत होती, आणि मी त्यांच्या हातात वाट्या देत होते!

भगवान हसला नाही. ‘नाइट मारून येतो मावशी. जरा डोळा लागला की तुमची फोडणी.’ बरोबर आहे त्याचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या सगळ्या गोंधळात दादा तेवढा शांत. बशीत चहा ओतून फुंकर मारत होता. धीराचा माणूस! जन्म गेला गिरणीत मागांवर, त्याला आवाजाचं काय!

पण जाताना संधी साधलीच. ‘बघ शाले. शेजारीपण कंटाळले. काढ ते यंत्र आणि चल.’

म्हटलं, दिवाळी अजून लांब आहे.

२० सप्टेंबर, मंगळवार

चंदूला बोलावून झाडला. ‘सांगितलं का नाहीस?’ म्हणतो, ‘तुला क्या फरक पडता है मावशी?’

मिचमिच्या आता ओट्यावरून काढून पलंगाच्या बाजूला लावला. चंदू म्हणाला, आवाजाची वायर कापून टाकू का? मी हो म्हणणार तेवढ्यात दारातून भगवानच म्हणाला, ‘राहू द्या. खरंच पेटलं तर तुम्हाला उचलून बाहेर कोण काढणार? आम्हाला कळायला नको?’

झोपमोड झालेला माणूस हे बोलतो! वाटीत नाही, आज डबाभर सुकट दिली.

दाराच्या पाटीवर खडूने लिहून टाकलं: फोडणी चारनंतर. भगवान तोवर उठलेला असतो. चाळीत आता माझ्या फोडणीचं टाइमटेबल झालं.

२२ सप्टेंबर, गुरुवार

अंजनीचं डोकं बघा. आजवर माझ्याकडे कुणी आलं आणि कडी आतून असली की पंचाईत. दार बडवून हात दुखायचे, मी आपली निवांत. आज दुपारी मिचमिच्या लखलखला. फोडणी नाही, काही नाही! घाबरून दार उघडलं तर बाई उभी, हातात लांब काठी, काठीला अगरबत्ती बांधलेली. दारावरच्या जाळीतून आत धूर सोडत होती!

‘बेल वाजवली मावशी. साखर हाय का?’

पोट धरून हसलो दोघी. चाळीत सगळ्यांच्या दाराला बटणाची बेल. माझ्या दाराला मोगऱ्याची.

पण मग तिला बजावलं. असं करू नको बाई. उद्या खरंच आग लागली तर मी साखरेचा डबा घेऊन दार उघडेन.

२५ सप्टेंबर, रविवार

सुरतेला प्लेग आलाय म्हणे. इकडेही सगळ्यांची तंतरली. चाळीत जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरतोय. कुणाचेच ओठ दिसत नाहीत. बहिरी मी होतेच, आज सगळे मुके झाले! दूधवाला, वाणी, अंजनी, सगळ्यांचे नुसते डोळे. डोळ्यांवरून हिशोब कसा कळणार?

आणि वर कडुलिंबाचा धूर. प्रत्येक दारात घमेलं. मिचमिच्या पेटतो, विझतो, पेटतो. शेवटी अंजनीने माझ्यापुढे कानांवर हात ठेवून दाखवले, मी त्याचं बटण बंद केलं. पहिल्यांदाच. मग पलंगावर बसून राहिले. खूप एकटं वाटलं आज. लिहून ठेवते, दादाला सांगणार नाही.

२७ सप्टेंबर, मंगळवार

दादा पिशवी घेऊन हजर. ‘गाव मोकळं आहे. साथ जाईपर्यंत तरी चल. खोली वीक म्हणत नाही.’

कुलूप लावलं. किल्ली अंजनीकडे. मिचमिच्या साडीत गुंडाळून बरोबर घेतला. दादा म्हणाला, हे कशाला? म्हटलं, पैज दिवाळीपर्यंत आहे. जिथे मी, तिथे हा.

२ ऑक्टोबर, रविवार

बदलापूर गाव. मिचमिच्या पुढच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारावर टांगला, त्याचा दिवा मागच्या खिडकीत, अंगणातूनही दिसेल असा. वहिनी त्याच्याखालून जाताना पदर डोक्यावर घेते. जणू तो चावतो.

वहिनीची तक्रार मात्र जुनीच. ‘काय सांगू बाय तुला, तीनदा हाक मारली तरी ओ नाय तुज्या दादाची. मुद्दाम करतात.’ म्हटलं, वहिनी, माझे तर पहिल्या दिवसापासून ओ देत नव्हते, आमचा संसार उत्तम झाला. तोंडावर पदर धरून हसली.

इकडेही रुमाल आहेतच. संध्याकाळी ओट्यावर शेजारीपाजारी जमले, सगळे तोंड बांधून. मी आपली भिंतीकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत बसले. एकाएकी दादा उठला. मानेच्या शिरा फुगलेल्या. ‘रुमाल काढून बोला! समोर बघून बोला! माणसाला कळायला नको?’

सगळे चपापले. रुमाल निघाले. वहिनीनेही काढला.

माझ्यासाठी! इतक्या वर्षांत माझ्यासाठी असा कुणाशी भांडला नव्हता तो. माझे डोळे भरले. भांडखोर आहे, हट्टी आहे, पण भाऊ आहे माझा.

याच घरात माझे कान गेले. सात वर्षांची होते. ताप उतरला, डोळे उघडले तर सगळ्यांची तोंडं हलतायत आणि शब्द नाही. मला वाटलं माझ्यावर रुसलेत. आई रडत होती. कुणाला काही सुचत नव्हतं. तेव्हा दादा जवळ बसला, माझा हात ओढला आणि तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढलं. मला नुकती अक्षरं यायला लागली होती. लावून लावून वाचलं — ‘ताक हवं का?’

माझं जग बुडालं होतं, आणि हा ताक विचारतो! त्या दिवशी कुणीतरी ताक दिलं होतं घरी, एवढंच. पण मी हसले. तापानंतर पहिल्यांदा.

मग कितीतरी वर्षं तळहातावरच बोललो आम्ही. मोठा झाला, नोकरीला लागला, तेव्हा सोडलं त्याने. चारचौघांत लाज वाटत असणार. हातांची भाषाही शिकला नाही. माझ्या ह्यांच्याशी बोलायची वेळ आली की मान हलवून हसायचा. राग यायचा मला.

६ ऑक्टोबर, गुरुवार

इथे मला पाणीसुद्धा ओतून घेऊ देत नाहीत. पाहुणी म्हणून आले, पेशंट झाले.

दादा मात्र बाहेर जाताना मला बरोबर नेतो. वाण्याकडे, पोस्टात, पिठाच्या गिरणीत. आज दूधवाला दारात काहीतरी भराभर सांगत होता, तर दादाने मलाच पुढे केलं. ‘शाले, तू बघ तो काय म्हणतोय. तुला ओठ बरे कळतात.’

मी सांगितलं: उद्या येणार नाही म्हणतो, म्हैस आटलीये. दादाने मान डोलावली.

बहिरीला दुभाषी केलं! दूधवालाही चकित. दादाला माझं कौतुक करायची हौस, दुसरं काय. पण खोटं कशाला बोलू, आवडलं मला.

९ ऑक्टोबर, रविवार

साथ ओसरली. दादा म्हणतो, अजून आठ दिवस. कशाला? तर नुसता हसला.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि आज मी भावाशी भांडले. दोन्ही लिहायला हवं.

सकाळी घर सारवून, पुसून लख्ख. तिघांचे पांढरे कपडे. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्त्या. अगरबत्ती लावताना वहिनी मिचमिच्याला हात जोडून म्हणाली, ‘आजच्या दिवस गप ऱ्हा बाबा!’ अगरबत्ती खिडकीत ठेवली. तो गप्प राहिला.

विहारात न्यायला खीर करायची होती. मोठं पातेलं स्टोव्हवर चढवून वहिनी मेणबत्त्या पोचवायला विहारात गेली. मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होते. दादा पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलेला. जाताना वहिनीने त्याला पाठमोऱ्यालाच सांगितलं, ‘खिरीकडं बघा हां!’ मी तिचे ओठ बघितले होते. त्याने मान हलवली की नाही ते बघितलं नाही.

ओली चादर झटकून दोरीवर टाकली आणि तिच्या आडून बघते तर मागच्या खिडकीची काच लखलखतेय. विझतेय. लखलखतेय. मिचमिच्या!

धावले. स्वयंपाकघरात धूर कोंडलेला. खीर करपून कोळसा झालेली, आणि पातेलं उतरवायचं फडकं स्टोव्हला लागून पेटलेलं. जाळ फळीवरच्या कागदापर्यंत गेला होता. फळीच्या खालीच रॉकेलचा डबा! हंडा उचलला आणि सगळा ओतला. कागद विझला, फडकं विझलं. डबा पायाने बाहेर लोटला, स्टोव्ह बंद केला. काडेपेटीच्या कंपनीत हेच पहिल्या दिवशी शिकवलं होतं: आग छोटी असताना लाजू नका, ओता!

ओली चिंब होऊन पुढच्या खोलीत आले. ओट्यावरून शेजारी आत घुसत होते, सगळ्यांच्या कानांवर हात. मागून वहिनी, पांढऱ्या साडीत धापा टाकत. विहारापर्यंत ऐकू गेलं होतं! आणि दादा? दादा त्या डबीच्या खाली, स्वयंपाकघराकडे पाठ करून, पेपर वाचत बसलेला! माणसं आत आली तेव्हा मान वर केली. सगळ्यांकडे बघून हसला. धूर बघितला, आणि मग उठला, पांढरा फटक.

माझा तोल गेला. माझा आवाज कसा आहे मला माहीत नाही. लोक म्हणतात चिरका आहे. आज पूर्ण लावला.

‘डबी डोक्यावर बोंबलतेय! गाव गोळा झालं! आणि तू पेपर वाचतोस?’

‘मला वाटलं तुझी फोडणी असेल,’ तो म्हणाला.

‘खिरीला फोडणी?’

शेजारी हसले. दादा हसला नाही. वहिनी त्याच्यावर ओरडत होती, ‘ऐकून ऐकून न ऐकल्यासारकं करता! घर जाळाल एक दिवस!’ तो खाली बघत राहिला.

मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ‘पैज संपली. यंत्राने काम केलं, मी काम केलं. एकट्या बहिरीला सांभाळणार म्हणे! तुझ्या भरवशावर राहिले असते तर भाजून निघाले असते. उद्या मी अंबरनाथला चालले.’

त्याने जळकं फडकं उचलून बाहेर नेलं.

वंदनेला खिरीशिवाय गेलो. दादा माझ्यामागे एक पाऊल चालत होता. वळूनही बघितलं नाही मी. जिंकले होते ना!

१५ ऑक्टोबर, शनिवार

पिशवी भरून झाली होती. जाण्याआधी म्हटलं वहिनीला ते जळकं पातेलं घासून द्यावं. अजून रागातच होते. झाकण हातातून निसटलं, फरशीवर आपटलं. वहिनी दचकली. दारातली मांजर पळाली. पुढच्या खोलीत दादाची पाठ तशीच. त्याने पेपरचं पान उलटलं.

झाकण उचललं. त्याच्या मागे जाऊन मुद्दाम पुन्हा टाकलं. वहिनी कपाळाला हात लावून बघतेय. दादाने दुसरं पान उलटलं.

मग माझी सावली पेपरवर पडली तेव्हा वळला. मी काही बोललेच नव्हते, तरी हसला आणि मान हलवली. ते हसू! पन्नास वर्षं मीच हसतेय ते. समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही की हसायचं असतं ते.

चहाची बशी. रुमाल. दूधवाला. सगळं एकदम समोर उभं राहिलं.

दादाला ऐकू येत नाही. आणि तो घाबरलाय. मला सांभाळायला नव्हता बोलवत. बहिरं होऊन कसं जगायचं हे ज्याला विचारावं असं माणूस त्याच्या ओळखीत एकच आहे.

खोली मी विकणार नाही. पण पिशवी रिकामी केली. मिचमिच्या परत खिळ्याला, तबकडी दादाच्या उशीखाली. चंदूला सांगून माझ्यासाठी दुसरा बघेन.

त्याच्याजवळ बसले. हात ओढून घेतला. तळहातावर लिहिलं — ताक हवं का?

त्याने हाताकडे बघितलं. डोळे पुसले. मग माझा तळहात उलगडला आणि बोटाने लिहिलं — मीठ घालून.